विक्रमी भावाची बातमी कशी वाचावी: रोमन सोन्याची नाणी जमवणाऱ्यांसाठी

एखादं रोमन सोन्याचं नाणं लिलावात डोळे विस्फारणाऱ्या किमतीला गेलं, की दोन दिवसांत मला फोन यायला लागतात. ज्यांच्याकडे नाणी आहेत ते विचारतात, "आता विकून मोकळं व्हावं का?" ज्यांना घ्यायची आहेत ते विचारतात, "आता हे सगळं आपल्या हाताबाहेर गेलं का?" दोघांनाही मी आधी थांबवते. पंधरा दिवस काही विकू नका, काही घेऊ नका, तोवर ती बातमी नीट वाचून काढा. बातमी वाचायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते इथे लिहिते.

मी स्वतः रोमन सम्राट व्हेस्पेशियन आणि त्याची दोन मुलं, टायटस आणि डोमिशियन, यांचे ऑरियस, म्हणजे सोन्याची नाणी, जमवते. म्हणजे इ.स. ६९ ते ९६ हा काळ. या घराण्याची नाणी सहसा विक्रम मोडत नाहीत. त्यामुळे मथळ्यांच्या गदारोळात मला नाण्याकडे शांतपणे बघता येतं, आणि ती सवय लागावी असं मला मनापासून वाटतं.

आकडा कुठला आहे

२९ ऑक्टोबर २०२० ला लंडनमध्ये ब्रूटसचा, म्हणजे ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एकाचा, ऑरियस विकला गेला. पुढच्या बाजूला ब्रूटसचा चेहरा. मागे दोन खंजीर, त्यांच्या मधोमध गुलामाला मुक्त करताना देत ती टोपी, आणि खाली ‘एइद मार’ ही अक्षरं, म्हणजे सीझरच्या खुनाची तारीख, १५ मार्च. खुनानंतर दोन वर्षांनी, इ.स.पू. ४२ मध्ये, ब्रूटसच्या सैन्याबरोबर फिरणाऱ्या टांकसाळीत हे नाणं पाडलं गेलं. त्याच वर्षी फिलिपीच्या लढाईत हार झाल्यावर ब्रूटसने स्वतःला संपवलं. कॅशियस डिओ या प्राचीन इतिहासकाराने या नाण्याचं वर्णन करून ठेवलंय. प्राचीन ग्रंथात एखाद्या विशिष्ट नाण्याचा असा उल्लेख सापडणं फार दुर्मीळ. चांदीत याचे शंभरच्या आसपास नमुने माहीत आहेत, सोन्यात तेव्हा जेमतेम तीन मोजले जात. कॅटलॉगमध्ये अंदाज दिला होता ५ लाख पौंडांचा.

आता त्या दिवसाच्या बातम्यांतले आकडे बघा. कुणी २७ लाख पौंड लिहिलं, कुणी ३२ लाख ४० हजार पौंड, कुणी ४२ लाख डॉलर. तिन्ही बरोबर आहेत. २७ लाखांवर हातोडा पडला. त्यावर लिलावगृह घेणाऱ्याकडून वर घेतं ते २० टक्के प्रीमियम धरलं की ३२ लाख ४० हजार होतात. त्याचेच डॉलर केले की ४२ लाखांच्या जवळपास जातात. मथळ्यात अर्थातच सगळ्यात मोठा आकडा छापला जातो.

म्हणून पहिलं काम हे: बातमीतली रक्कम हातोड्याची आहे की प्रीमियमसकट, ते शोधा आणि कागदावर दोन्ही लिहा, मूळ चलनात. जुन्या विक्रीशी तुलना करायची तर हातोड्याची हातोड्याशी करा. जुन्या सूचींमध्ये बहुतेकदा फक्त हातोड्याची किंमत असते आणि आजच्या बातमीत प्रीमियमसकटची. ही दोन एकमेकांशेजारी ठेवली की भाव वीस-पंचवीस टक्क्यांनी चढल्याचा नुसता भास होतो.

दुसरं काम: शेवटून दुसरा बोली लावणारा आठवा. विक्रम करायला दोन माणसं लागतात. अंदाजाच्या पाचपट बोली गेली, याचा अर्थ दोघं एकमेकांना हटत नव्हते एवढाच. बाकीची खोली केव्हाच गप्प झालेली असते. आता त्यातल्या एकाला नाणं मिळालं, म्हणजे पुढच्या वेळी तसंच नाणं आलं तर तो बहुधा हात वर करणार नाही. उरला एक, आणि एकट्याने चढाओढ होत नाही. थेट प्रक्षेपण असेल तर ते बघा आणि बोली कुठल्या आकड्यापासून फक्त दोघांत राहिली ते टिपून ठेवा. माझ्या मते बाजाराचा खरा भाव तिथेच कुठेतरी असतो, हातोडा पडला तिथे नसतो.

विकणाऱ्याच्या हातात काय पडलं

हे गणित फार कमी लोक करतात, म्हणून इथे जरा थांबते.

ब्रूटसच्या नाण्याचा विक्रम मे २०२३ मध्ये एका ग्रीक नाण्याने मोडला. क्रिमियातल्या पँटिकापियमचा सोन्याचा स्टेटर: पुढे दाढीवाल्या सॅटिर या वनदेवतेचा तीन-चतुर्थांश वळलेला चेहरा, मागे ग्रिफिन हा पंखवाला काल्पनिक प्राणी. झुरिकच्या लिलावात त्यावर ४४ लाख स्विस फ्रँकला हातोडा पडला. प्रीमियम धरून सुमारे ६० लाख डॉलर झाले. हेच नाणं जानेवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्कला ३२ लाख ५० हजार डॉलरच्या हातोड्याला, म्हणजे प्रीमियमसकट ३८ लाख डॉलरना गेलं होतं.

मथळा सांगतो, ३८ चे ६० झाले. आता २०१२ ला घेणाऱ्यानेच २०२३ ला विकलं असं धरून चला. त्याने भरले पूर्ण ३८ लाख. त्याला मिळताना मात्र वरचं प्रीमियम मिळत नाही, हातोड्याची रक्कम मिळते, म्हणजे तेव्हाच्या दराने ४९ लाख डॉलरच्या आसपास, आणि त्यातूनही विक्रीचं कमिशन ठरलं असेल तर ते कमी. अकरा वर्षांत ३८ चे ४९. वर्षाला सव्वादोन टक्के. विमा आणि तिजोरीचं भाडं अजून धरलेलं नाही. जगातल्या सगळ्यात महाग प्राचीन नाण्याचा हा हिशेब आहे. तुमच्या-माझ्या नाण्याने याहून फार वेगळं वागावं, अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

यावरून नाणी घेऊ नयेत असं मी मुळीच म्हणत नाही. मी घेते, आणि आनंदाने घेते. फक्त ती गुंतवणूक म्हणून घेताना हा हिशेब आधी मांडा. आपल्या एखाद्या नाण्याचा करून बघा: घेताना एकूण किती दिले, आज हातोडा किती पडेल, त्यातून हातात किती येईल.

त्या नाण्याचा तुमच्या नाण्याशी काही धागा आहे का

विक्रम कशामुळे झाला ते ओळखलं की तो आपल्यापर्यंत पोचणार की नाही, हे कळतं.

दुर्मीळता एकाच जातीची नसते. पर्टिनॅक्स इ.स. १९३ मध्ये ८७ दिवस सम्राट होता. त्याच्यानंतरचा डिडियस जुलियानस ६६ दिवस. प्रत्येक सम्राटाचं एकेक नाणं सोन्यात हवं, अशी जिद्द धरलेले संग्राहक जगभर आहेत आणि त्यांना ही दोन नावं टाळता येत नाहीत. त्यामुळे या नाण्यांना कायमची मागणी आहे. ओथोचंही तसंच, कारण तो बारा सीझरांच्या (ज्युलियस सीझर ते डोमिशियन) मालिकेत बसतो आणि त्याचं राज्य तीन महिने टिकलं. अशा नाण्याचा विक्रम झाला तर त्या मालिकेतल्या इतर अवघड नाण्यांना थोडी धग लागते. गॅल्बा, व्हिटेलियस, कॅलिगुला यांना ती पोचते. व्हेस्पेशियनच्या नेहमीच्या नाण्यांपर्यंत मात्र फारशी येत नाही. वर्षानुवर्षं निकाल बघत आलेय, म्हणून हे खात्रीने सांगते.

एखाद्या मागच्या बाजूचं चित्र दुर्मीळ असणं ही वेगळी गोष्ट. कॅटलॉगकार लिहितो, "फक्त तीन नमुने माहीत." पण ते तीन हवे असणारे तरी किती? तीन वस्तू आणि दोन गिऱ्हाइकं असतील तर ती वस्तू बाजाराच्या दृष्टीने दुर्मीळ नाहीच.

मग येतात देश आणि भावना. २०१९ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यात, डोव्हरजवळच्या शेतात धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एकाला अलेक्टसचा ऑरियस सापडला. अलेक्टसने इ.स. २९३ ते २९६ ब्रिटनवर राज्य केलं. अंदाज होता ७० हजार ते १ लाख पौंड, विकला गेला ५ लाख ५२ हजारांना. त्याच काळात रोममध्ये किंवा अँटिऑकमध्ये पाडलेल्या नाण्याला ही बोली लागली नसती. ब्रिटनचा सम्राट, ब्रिटनच्या मातीत सापडलेला, ब्रिटनमध्ये विकायला आलेला, असे सगळे धागे एका ठिकाणी जुळले होते.

आणि कला. २००८ मध्ये जिनिव्हाला हेड्रियनच्या एका सेस्टर्शियसवर २० लाख स्विस फ्रँकला हातोडा पडला. ते नाणं सोन्याचं नाही, तांबड्या-पिवळ्या धातूचं आहे. साचा कोरणाऱ्याचा हात असा की चेहऱ्याची त्वचा जिवंत वाटते. सोनं म्हणून किंमत, असं ज्यांना वाटतं त्यांना मी नेहमी हे नाणं दाखवते.

थोडक्यात, आपलं नाणं हातात घ्या आणि स्वतःला विचारा: याच सम्राटाचं आहे का, याच मालिकेतलं आहे का, याच दर्जाचं आहे का, हेच गिऱ्हाईक याच्यामागे येईल का. तीनदा "नाही" आलं तर ती बातमी तुमच्यासाठी नव्हती.

कागद, आणि पुन्हा कागद

ब्रूटसच्या त्या नाण्याची गोष्ट २०२० ला संपली नाही. कॅटलॉगमध्ये ते एका बॅरनच्या जुन्या संग्रहातलं असल्याची ओळ होती. ती ओळ खोटी निघाली. जानेवारी २०२३ मध्ये लिलावगृहाच्या मालकाला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली, पुढे त्याने गुन्हा कबूल केला, आणि नाणं जप्त होऊन मार्च २०२३ मध्ये ग्रीसला परत गेलं. नाणं अस्सल मानलं गेलं होतं. खोटा होता तो त्याचा इतिहास, आणि तेवढ्याने ३२ लाख पौंडांचा सौदा मोडला.

विक्रमाच्या बातमीतून संग्राहकाने एकच काम अंगावर घ्यायचं असेल तर ते हे: आपल्या प्रत्येक नाण्याचा मालकीचा इतिहास स्वतः तपासा. विक्रेत्याने लिहिलेला विश्वासाने उतरवून घेऊ नका. १९७० चा युनेस्कोचा करार झाल्यापासून, विशेषतः गेल्या पंधरा-वीस वर्षांत, देशोदेशीचे नियम घट्ट होत चाललेत. युरोपीय संघाचा सांस्कृतिक वस्तूंच्या आयातीचा २०१९ चा नियम २८ जून २०२५ पासून पूर्णपणे लागू झाला. आज कागद नसलेलं नाणं उद्या कदाचित सीमेपलीकडे नेताच येणार नाही. म्हणून सारख्याच दर्जाच्या दोन नाण्यांपैकी जुनी नोंद असलेल्याला लोक बरेच जास्त मोजतात, आणि माझ्या मते ते योग्यच करतात.

तपासायचं कसं? समजा नोंद म्हणते, हे नाणं १८९६ च्या पॅरिसमधल्या माँटेग्यू संग्रहाच्या विक्रीतलं आहे. ही विक्री खरी, रोमन सोन्याची फार नावाजलेली. तशीच १८८७ ची पाँतों दामेकूर यांची. असे पुष्कळ जुने कॅटलॉग आता स्कॅन होऊन मोफत बघायला मिळतात. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जुन्या लिलाव-कॅटलॉगांचा मोठा साठा डिजिटल केलाय. तो कॅटलॉग उघडा, लॉट शोधा, शेवटच्या चित्रपानांवर जा.

आणि इथे सावकाश बघा. त्या काळात बहुतेकदा नाण्याचा थेट फोटो काढत नसत, प्लास्टरचा ठसा घेऊन त्याचा फोटो छापत. त्यामुळे रंग दिसणार नाही, बारीक ओरखडे पुसट दिसतील. चेहरा जुळवत बसू नका. एकाच साच्यातून निघालेल्या सगळ्या नाण्यांवर चेहरा तोच असतो, तो जुळणारच. कड बघा. ठोकताना सोन्याची चकती प्रत्येक वेळी थोडी वेगळी पसरते आणि ठसा जरा इकडेतिकडे बसतो. कडेला ठिपक्यांचं वर्तुळ असतं. ते डावीकडे पूर्ण आलंय का, उजवीकडे कुठल्या अक्षराजवळ कापलं गेलंय, हनुवटीखाली कडेला एखादी चीर आहे का. माझ्याकडच्या टायटसच्या एका ऑरियसमध्ये मागच्या बाजूला वरचे ठिपके पूर्ण आहेत आणि खाली पाचच्या काट्यापाशी ते अचानक संपतात, तिथेच कड किंचित आत दबलेली आहे. जुन्या चित्रपानावर नेमकं तेच दिसलं तेव्हा मला शंका उरली नाही. ठिपके, कड आणि मार अशा तीन खुणा जुळल्या तर नोंद खरी. चित्र नसेल आणि फक्त वजन दिलं असेल तर वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवा. पण ते एकटं पुरत नाही.

जुन्या साठ्यांच्या नावांबाबतही असंच सावध राहा. १८९५ मध्ये पाँपेईजवळ बोस्कोरिआले इथल्या एका प्राचीन घरात हजारेक ऑरियस सापडले, इ.स. ७९ च्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेलेले. राखेखाली अठराशे वर्षं राहून त्यांच्यातल्या अनेकांवर लालसर, कधी जांभळट झाक चढली. नीरो आणि व्हेस्पेशियनच्या चेहऱ्यावर, केसांच्या खोलगट रेषांमध्ये ती झाक बसलेली असते. मला सगळ्या सोन्यात सर्वांत सुंदर वाटतात ती हीच नाणी. नेमक्या त्याच कारणाने, थोडं लाल दिसणारं कुठलंही नाणं आजकाल ‘बोस्कोरिआले’ म्हणून येतं, आणि अशी झाक चढवताही येते. नाणं इ.स. ७९ नंतरचं असेल तर प्रश्नच मिटला: ते त्या घरातलं असूच शकत नाही. त्याआधीचं असेल तर जुन्या नोंदीशिवाय ते नाव मान्य करू नका आणि त्याचे जादा पैसे देऊ नका.

नाणं हातात आल्यावर

भाव चढले की बनावट माल वाढतो. पहिली गोष्ट लक्षात ठेवा: सोनं तपासून काहीच सिद्ध होत नाही. बनावट ऑरियस खऱ्या सोन्याचेच करतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकरने हाताने साचे कोरून अशी नाणी पाडली, आणि नवेपणा जावा म्हणून लोखंडाच्या किसाच्या डब्यात घालून तो ती घोडागाडीला बांधून फिरवायचा. त्याची नाणी आज वेगळी ओळखून जमवली जातात.

वजन मात्र घ्याच. सीझरच्या काळात एका रोमन पौंडातून ४० ऑरियस निघत, म्हणजे एक सुमारे ८ ग्रॅमचा. नीरोने इ.स. ६४ मध्ये ते ४५ केले, वजन उतरलं ७.३ च्या जवळ. कॅरकॅलाने २१५ मध्ये ५० केले, सुमारे साडेसहा ग्रॅम. डायोक्लेशियनच्या वेळी ६०, आणि कॉन्स्टंटाइनने आणलेल्या सॉलिडस या नव्या सोन्याच्या नाण्याला ७२, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. डोमिशियनने ८२ मध्ये वजन पुन्हा वाढवलं होतं, त्यामुळे त्याचा ७.६ ग्रॅमचा ऑरियस बघून दचकू नका. नीरोच्या ६४ नंतरच्या नाण्याचं वजन तेवढं भरलं तर दचका.

मग दहापट भिंग. ठोकलेल्या नाण्यात धातू मधून कडेकडे सरकलेला असतो, अक्षरांच्या पायथ्याशी त्या सरकण्याच्या बारीक रेषा दिसतात. ओतलेल्या नाण्यात त्या नसतात, कोपरे बोथट असतात, बारीक छिद्रं असतात. सगळ्यात घातक बनावट म्हणजे खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन पुन्हा ठोकलेली, कारण त्यात रेषाही येतात. तिला पकडायचा एक मार्ग आहे. मूळ नाण्यावर पडलेला ओरखडा साच्यात उतरतो आणि प्रत्येक नकलेवर त्याच जागी उमटतो. एसीसर्चसारख्या, जुन्या लिलावांच्या नोंदींच्या ऑनलाइन संग्रहात त्याच साच्याची नाणी शोधा. दोन वेगळ्या नाण्यांवर तोच मार, त्याच जागी दिसला तर लांब व्हा.

कडेला वर, बाराच्या काट्यापाशी घासल्यासारखी सपाट जागा असेल तर कधीकाळी तिथे दागिन्याची कडी होती. सोन्याच्या नाण्यांत हे फार आढळतं. लिलावात त्याला "कडेवर काम" असं मवाळ नाव मिळतं आणि भाव निम्म्यावरही येतो. हौसेने बघायला म्हणून घ्यायचं असेल तर असं नाणं जरूर घ्या. फक्त धडधाकट नाण्याचे पैसे मोजू नका. छिन्नीचा घाव असलेली नाणीही येतात. १८९८ मध्ये दक्षिण भारतात पुदुकोट्टईला पाचशेच्या आसपास ऑरियस सापडले, त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच घाव घातलेला होता. मला अशा घावात खोट वाटत नाही. ते नाणं कुठवर जाऊन आलं, याची ती खूण आहे.

प्लास्टिकच्या बंद डबीतल्या नाण्याबद्दल एवढंच: एनजीसी ही नाणी तपासून अशा डबीत बंद करून देणारी कंपनी ठोकणी आणि पृष्ठभाग यांना पाचपैकी गुण देते, ते उपयोगी असतात. पण अस्सलपणाची हमी त्यात धरून चालू नका, तिच्या अटी वाचा. आणि मालकीचा इतिहास तर डबी सांगतच नाही: त्या २०२० च्या ब्रूटसच्या नाण्यालाही डबी होती.

सोन्याचा भाव वेगळा ठेवा

ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनं औंसाला ४,००० डॉलरच्या पुढे गेलं. लोक दोन्ही बातम्या एकत्र करतात. ७.३ ग्रॅमच्या ऑरियसमध्ये त्या दराने साडेनऊशे डॉलरच्या आत-बाहेर सोनं आहे. नाणं त्याच्या कितीतरी पटींनी विकलं जातं, म्हणून ऑरियसवर सोन्याच्या दराचा परिणाम थोडाच. सॉलिडसचं तसं नाही. होनोरियस, दुसरा थिओडोसियस, जस्टिनियन यांचे नेहमीचे सॉलिडस विपुल आहेत, आणि त्यांच्यात त्याच दराने ५७० डॉलरच्या आसपास नुसतं सोनं आहे. झिजलेल्या, वाकलेल्या सॉलिडसची किंमत त्यामुळे वितळवायच्या किमतीच्या जवळ येते, आणि मला खरी धास्ती त्याचीच वाटते. १८३१ मध्ये पॅरिसच्या राजसंग्रहात चोरी झाली तेव्हा दोन हजारांहून जास्त सोन्याच्या वस्तू गेल्या, आणि बरंचसं सोनं वितळवलं गेलं. त्यातली काही नाणी जगात एकमेव होती. तुमच्याकडे कुणी "सोन्याच्या भावाने" सॉलिडस विकायला आला, तर तो आधी नीट ओळखून घ्या. विपुल असला तरी तो वाचवण्यासारखा असतो.

घ्यायचं ठरलंच तर

वरची मर्यादा आधी ठरवा, सगळं धरून. तिथून उलट या. समजा खिशातून ६,००० पौंड जास्तीत जास्त जाणार, प्रीमियम साडेबावीस टक्के, आणि एकूण रकमेवर आयातकर ५ टक्के. ६,००० ला आधी १.०५ ने आणि मग १.२२५ ने भागा: ४,६६४. तुमची शेवटची बोली ती. कुरिअर आणि विमा धरला तर ४,५००. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा, आणि लिलाव सुरू झाल्यावर त्याला हात लावू नका.

विक्रमानंतरच्या पहिल्या दोन-तीन मोठ्या लिलावांत सहसा माल वाढतो. ज्यांनी वर्षानुवर्षं नाणी दाबून ठेवली होती ते बाहेर काढतात. घेणाऱ्याने तेव्हा डोळे उघडे ठेवावेत. मथळ्यातल्या नावाकडे सगळे धावत असताना बाजूचा एखादा चांगला, कागद असलेला ऑरियस शांतपणे मिळून जातो. माझ्याकडची सगळ्यात आवडती व्हेस्पेशियनची बैलजोडी तशीच आली.

विकणाऱ्याने याउलट घाई करू नये. नाणं त्याच मालिकेतलं असेल, कागद पक्के असतील आणि लिलावगृह विक्रीचं कमिशन सोडायला तयार असेल, तरच लगेच द्या. कमिशनबद्दल बोलायला संकोच करू नका. चांगल्या नाण्यासाठी ते सोडतात.

नव्या साठ्यांची भीती किती बाळगायची, हेही विचारतात. १९९३ मध्ये ट्रिअरला अडीच हजारांहून जास्त ऑरियस सापडले, साडेअठरा किलो. ते तिथल्याच संग्रहालयात आहेत, बाजारात आले नाहीत. २०१८ मध्ये इटलीत कोमोला दगडी भांड्यात सापडलेले सॉलिडसही सरकारजमा झाले. याउलट १९२२ मध्ये फ्रान्समध्ये अरासजवळ बोरां इथे सापडलेला साठा भराभर विखुरला आणि त्यातली नाणी अजून लिलावात येत असतात. म्हणजे साठा किती मोठा, यापेक्षा तो कुठल्या देशात आणि कुठल्या कायद्याखाली निघाला, ते बघा.

आता तुमच्या नाण्यांच्या चिठ्ठ्या काढा. प्रत्येक चिठ्ठीवर सम्राट, टांकसाळ, सूचीतला क्रमांक, वजन, पुढच्या आणि मागच्या ठशांमधला कोन घड्याळाच्या काट्यात, कुणाकडून घेतलं, कधी, हातोडा किती, एकूण किती, आणि त्याआधी ते कुठल्या विक्रीत होतं ते लिहा. पावतीची प्रत वेगळ्या जागी ठेवा. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा. कडेचा फोटो जवळपास कुणीच काढत नाही, आणि पन्नास वर्षांनी तुमचं नाणं ओळखू पाहणाऱ्याला तोच लागणार आहे. चिठ्ठीवर जिथे माहिती नाही तिथे रिकामी जागा सोडा, अंदाजाने भरू नका. कुठल्या चिठ्ठीवर किती जागा रिकामी राहिली ते बघा, आणि पहिला जुना कॅटलॉग त्या नाण्यासाठी उघडा.